इंग्लंडच्या हिवाळ्यात बागेतील पक्ष्यांना स्वयंपाकघरातले काय घालता येईल? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

आम्ही नुकतेच लीड्सजवळ, लहानशी बाग असलेल्या घरात राहायला आलो आहोत. डिसेंबरात येथे दिवस जेमतेम साडेसात तासांचा असतो आणि सुमारे ११ ग्रॅम वजनाच्या ब्लू टिटला तेवढ्या उजेडात उरलेल्या लांबलचक थंड रात्रीची बेगमी करावी लागते, म्हणून पक्ष्यांसाठी काही ठेवावे असे आम्ही ठरवले आहे. घरात बाजरी, कारळे, शेंगदाणे (साधे व खारे), सुक्या खोबऱ्याचा कीस आणि मनुका आहेत. शिवाय शिळा भात आणि पोळी असतेच. पोळीचा तूप लावून कुस्करा घालायला काय हरकत आहे, असे सासूबाईंचे म्हणणे आहे; मला मात्र शंका वाटते. रॉबिन दाणे भरून टांगलेल्या नळीकडे फारसा फिरकत नाही, कुंपणाखाली पडलेलेच टिपतो, त्याचीही सोय करायची आहे. यांपैकी काय सुरक्षित आहे, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद

आपली शंका रास्त आहे. तूप मऊ असल्यामुळे ते पिसांना माखते, आणि माखलेली पिसे ना पाणी अडवतात ना ऊब धरतात. येथे त्यासाठी घट्ट गोठणारी गुरांची चरबी वापरतात. ती घरात चालत नसेल, तर सूर्यफुलाचे सोललेले बी आणावे. माझ्या मते एकच वस्तू विकत घ्यायची झाली, तर हीच घ्यावी. पोळीने पोट भरते, पण ताकद फारशी मिळत नाही.

खारे शेंगदाणे पूर्ण वर्ज्य. साधे शेंगदाणे चांगले, परंतु डब्याच्या तळाशी राहिलेले जुने दाणे घालू नयेत, कारण बुरशीमुळे त्यांत अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते आणि ते पक्ष्यांना मारक ठरते. पक्ष्यांसाठी तपासून विकलेले दाणे घेऊन तारेच्या जाळीत ठेवावेत, म्हणजे पक्ष्यांना ते टोचून तुकड्यातुकड्यानेच खावे लागतात. खोबऱ्याचा सुका कीस पोटात गेल्यावर फुगतो, म्हणून तो नको. ओल्या नारळाची कवड टांगली तर चालते.

कारळे गोल्डफिंचच्या विशेष आवडीचे, मात्र न भाजलेले हवेत आणि बारीक फटींच्या नळीत थोडेथोडेच भरावेत, कारण येथील दमट हवेत ते लवकर बुरसतात. बाजरी चिमण्यांना चालेल. बिनमिठाचा भात आणि भिजवलेल्या मनुका रॉबिन व ब्लॅकबर्डसाठी झुडपाजवळ जमिनीवर ठेवाव्यात, पण अंधार पडण्यापूर्वी उरलेले उचलावे, नाहीतर उंदरांचीच चंगळ व्हायची. शेजारी कुत्रा असल्यास मनुका टाळाव्यात. त्या कुत्र्यांना विषारी असतात.

खाण्याइतकेच स्वच्छतेकडेही लक्ष द्यावे. ट्रायकोमोनोसिस या रोगाने २००५ पासून येथील ग्रीनफिंच इतके घटले, की २०२१ मध्ये हा पक्षी ब्रिटनच्या लाल यादीत (सर्वांत चिंताजनक स्थितीतल्या पक्ष्यांच्या यादीत) गेला. हा रोग लाळेने दूषित झालेल्या दाण्या-पाण्यातून पसरतो, म्हणून सपाट ताटलीपेक्षा नळी बरी. ती आठवड्यातून एकदा धुऊन पूर्ण वाळवावी, तिची जागा अधूनमधून बदलावी आणि पाणी रोज बदलावे. पिसे फुलवून सुस्त बसलेला, घास गिळता न येणारा पक्षी दिसला, तर दाणापाणी काही आठवडे बंद ठेवावे.