मदत हवी आहे: कॉलराचं टॉक्सिन साखरेला नेमकं धरतं कसं?

नमस्कार मंडळी, एमएस्सीचं सेमिनार आहे शुक्रवारी आणि विषय घेऊन बसलेय कॉलरा टॉक्सिन, आता पस्तावतेय 😅

इतिहासाचा भाग झालाय, म्हणजे १९५९ ला कोलकात्यात शंभूनाथ डे यांनी सशाच्या आतड्यावर प्रयोग करून हे विष दाखवलं वगैरे. रचना पण समजली, एक ए भाग आणि खाली पाच बी भागांचं कडं, ते कडं आतड्याच्या पेशीवरच्या जीएम१ नावाच्या गँग्लिओसाइडला (म्हणजे साखरा जोडलेल्या चरबीच्या रेणूला) चिकटतं. जीएम१ च्या टोकाला पाच साखरा असतात, त्यातली शेवटची गॅलॅक्टोज बी भागाच्या खाचेत ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाच्या सपाट रिंगला लागून बसते आणि फांदीवरचं सियालिक अॅसिड (ही पण त्या पाचातलीच एक साखर) दुसऱ्या बाजूने धरतं, दोन बोटांच्या चिमटीसारखं. इथवर ओके.

अडलंय ते पुढे. एक, नुसती गॅलॅक्टोज घातली तर पकड अगदी कच्ची आणि अख्खं जीएम१ असलं की एकदम घट्ट, मग यात सियालिक अॅसिडचा वाटा किती आणि पाच हातांनी एकाच वेळी धरल्याचा किती, हे वेगळं कसं मोजतात? दोन, ओ रक्तगटवाल्यांना कॉलरा झाला तर जास्त जोरात होतो म्हणतात, पण जीएम१ वर तर रक्तगटाची साखर नसतेच ना! मग टॉक्सिन फ्युकोज (रक्तगटाच्या साखरांमधली एक) असलेल्या दुसऱ्या साखरांना पण धरतं की काय?

गाईडना विचारलं तर "वाच" म्हणाले, बस्स. कुणी ग्लायकोबायोलॉजीवाले (पेशींमधल्या साखरांचा अभ्यास करणारे) असतील तर सोप्या भाषेत सांगा प्लीज, वर्गात पहिला प्रश्न रक्तगटाचाच येणार.