सालीच्या पोताची नारिंगी फुलदाणी : खूण नसताना कारखाना कसा ओळखावा?

हॅरोकर
नमस्कार. आम्ही लंडनच्या हॅरो भागात राहतो. येथील एका चॅरिटी शॉपमधून गेल्या महिन्यात नारिंगी काचेची एक फुलदाणी घेतली. ती नळकांड्यासारखी सरळ, १९ सेंटीमीटर उंच आणि आकाराच्या मानाने बरीच जड असून बाहेरून झाडाच्या सालीसारखी खडबडीत आहे. तळ घासून सपाट केलेला आहे. मात्र त्यावर सही, क्रमांक वा शिक्का काहीही नाही. दुकानात ‘इटालियन असावी’ एवढेच सांगितले. कारखाना कसा ओळखावा?

काचप्रेमी
ही बहुधा आपल्याच भागातील आहे! व्हाइटफ्रायर्स या काच कंपनीचा कारखाना १९२३ पासून १९८० मध्ये बंद पडेपर्यंत हॅरोतील वील्डस्टोन येथे होता आणि त्यांच्या मालावर बहुधा केवळ कागदी लेबल असे, जे धुण्यापुसण्यात निघून जाई. तेथील रचनाकार जेफ्री बॅक्स्टर यांनी रचलेली आणि १९६७ मध्ये बाजारात आलेली सालीच्या पोताची फुलदाणी तीन मापांत मिळे. त्यांपैकी मधले, ९६९० क्रमांकाचे माप साडेसात इंच, म्हणजे आपले १९ सेंटीमीटरच. नारिंगी रंगाला ते ‘टँजरीन’ म्हणत. काठाकडून निरखून पाहावे : रंग आतल्या थरात आणि त्यावर बिनरंगी काचेचे आवरण दिसायला हवे. (नारिंगी काच दिसली की काचकामासाठी प्रसिद्ध असलेल्या इटलीतील मुरानोचे नाव घेण्याची विक्रेत्यांची सवय जुनीच आहे.)

साशंक
माप आणि रंग जुळले, एवढ्यावर निर्णय देणे मला घाईचे वाटते, कारण अशा पोताची काच इतरत्रही होत होती. फिनलंडमध्ये रचनाकार टिमो सार्पानेवा यांची ‘फिनलँडिया’ ही काचवस्तूंची मालिका १९६४ चीच आहे. मात्र तिचे लाकडी साचे तप्त काचेने दर वेळी थोडे जळत, त्यामुळे कोणत्याही दोन वस्तूंचे पोत तंतोतंत सारखे नसे. बॅक्स्टर यांनी आरंभी साच्याला खरी साल लावून पाहिली, तरी पुढे उत्पादन धातूच्या साच्यांतून झाले. म्हणून त्यांच्या एका मापाच्या फुलदाण्यांवर तेच उंचवटे त्याच जागी येतात. साचा झिजल्यावर कडा बोथट होतात, पण जागा बदलत नाहीत. आपल्या हॅरोतील हेडस्टोन मॅनर संग्रहालयात व्हाइटफ्रायर्सची काच मांडलेली आहे. चारही बाजूंची छायाचित्रे घेऊन तेथे जावे.

हॅरोकर
दोघांचेही आभार. काठाशी बिनरंगी थर स्पष्ट दिसतो. पोताची छायाचित्रे काढून ठेवली आहेत; शनिवारी संग्रहालयात जाऊन उंचवटे ताडून पाहतो आणि येथे कळवतो.