मदत हवी आहे: शिक्षकाविरुद्ध लेखी तक्रार आली आहे, समितीचा अध्यक्ष म्हणून काय करू?

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात माझी शेती आहे. दीड वर्षापासून गावातल्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष आहे. आजवर बैठकीत विषय असायचे ते पोषण आहाराचा तांदूळ नाहीतर गळकं छत. गेल्या सोमवारी पहिल्यांदाच शिक्षकाविरुद्ध लेखी तक्रार हातात आली.

पाचवीतल्या मुलाच्या आईनं दिली आहे. सरांनी लाकडी पट्टीनं मारलं आणि वर्गासमोर "तुह्यानं काही होत नाही, ढोरं राख" असं म्हटलं, असं तिनं लिहिलंय. मनगटावरचा वळ मी स्वतः पाहिला.

हेच सर रोज तासभर आधी येऊन नवोदयची तयारी करून घेतात, एक रुपया न घेता. त्या तासाला माझी मुलगी बसते. मग त्या माउलीनं माझ्यावर भरवसा कशाला ठेवावा?

मुख्याध्यापक समितीचे सचिव. ते म्हणतात, "भाऊ, गावातली गोष्ट गावातच मिटवू, वर कायले नेता?" इतिवृत्तात 'आपसात समझोता झाला' असं लिहूनही ठेवलं होतं. मी सही केली नाही. मुलाची आजी शाळेतच पोषण आहार शिजवते. तिचं काम जाईल या भीतीनं सून तक्रार मागं घेणार, असं कानावर आलंय.

एक चूक माझ्या हातून झाली. त्याच दिवशी वर्गात जाऊन सगळ्यांसमोर मी त्या लेकराला विचारलं, "काय झालं, सांग बरं?" सर फळ्याजवळच उभे होते. ते खाली पाहत "काही नाही" म्हणालं. आता मुख्याध्यापक तेच धरून बसलेत. ते लेकरू डोळ्यांसमोरून हलत नाही.

मी बाजूला व्हावं का? मुलाला पुन्हा विचारायचं तर कसं? आईनं तक्रार मागं घेतली तर विषय संपतो का?

प्रतिसाद:
भाऊ, सही केली नाही हे फार चांगलं केलंत. आधी त्या ताईंना तारखेसह पोच द्या. शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करतं, म्हणजे पट्टीइतकंच ते वाक्यही गंभीर आहे. कारवाई सेवानियमांप्रमाणे होते, ती समितीच्या हातात नाही. शिक्षा आपण देऊ शकत नाही, तशी माफीही नाही. कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणानं, म्हणजे इथं जिल्हा परिषदेनं, दोन्ही बाजू ऐकून ३ महिन्यांत निर्णय द्यायचा असतो, त्यावर अपील राज्य बालहक्क आयोगाकडं. म्हणून तक्रार गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं पाठवा. आईनं माघार घेतली तरी ती का घेतली हे कोणीतरी विचारायलाच हवं.

तुमची मुलगी त्या तासाला बसते हे बैठकीत सांगून इतिवृत्तात लिहा आणि या विषयापुरतं अध्यक्षपद दुसऱ्याकडं द्या. समितीत पाऊण सदस्य पालक आणि निम्म्या महिला असतात, वेगळ्या वर्गातल्या मुलाची एखादी आई नक्की मिळेल. मुलाशी शाळेत बोलू नका. घरी, आईजवळ, एकदाच. सरांना तक्रारीची प्रत द्या, लेखी खुलासा मागा, चार दिवस द्या. त्यांचीही बाजू पूर्ण ऐकली गेली पाहिजे. नवोदयचा तास त्यांच्या खुलाशात येऊ द्या, पण पट्टी मारली की नाही याचं उत्तर त्यानं मिळत नाही.
(मी अमरावती जिल्ह्यात केंद्रप्रमुख होतो, आता निवृत्त.)

धागाकर्ता:
खूप आधार वाटला, सर. आज पोच दिली. बैठक दुपारी ठेवणार होतो, पण कापूस वेचणी सुरू आहे, त्या मुलाची आई आली असती तर तिची मजुरी बुडाली असती. आता संध्याकाळी सात वाजता अंगणवाडीत घेतोय, तिसरीतल्या एका मुलीची आई अध्यक्ष राहील. आजीच्या कामाचा या तक्रारीशी काही संबंध नाही, हे इतिवृत्तात पहिल्याच ओळीत लिहून मुख्याध्यापकांची सही घ्यायची आहे. हे असं लिहून घेता येतं ना?