सासऱ्यांनी शुगरची गोळी सोडली, कलौंजीच पुरे म्हणतात

यावलची_सून
अस्सलामु अलैकुम. आम्ही यावल तालुक्यातले तडवी. सासरे साठीच्या पुढे, शुगर जुनी. होळीआधी भोंगऱ्याच्या बाजारात एका माणसानं त्यांना कसल्याशा मुळ्यांची पूड दिली, वर्तमानपत्राच्या पुडीत. मोहाच्या दारूत भिजवून चमचाभर घ्यायची म्हणे. बाबा दारूला शिवत नाहीत, म्हणून मधात कालवून घेतात. वर सकाळी कलौंजी चावतात आणि मेटफॉर्मिन, म्हणजे शुगरची गोळी, पार बंद. काही बोललं की म्हणतात, "कलौंजीत मौत सोडून सगळ्याला शिफा (बरं करायचा गुण) आहे, हे प्रेषितांनी (स.) सांगितलंय. तुमचा डॉक्टर त्यांच्याहून मोठा का?" यावर सुनेनं काय बोलावं? केळीचा घड कापताना पायाच्या अंगठ्याजवळ विळा लागला, ती जखम भरतच नाही. कडा पांढऱ्या पडल्यात, आणि दुखत नाही म्हणतात. दीनच्या, म्हणजे धर्माच्या, बाजूनं समजावलं तरच ऐकतील. कॅप्सूलचं जिलेटिन जनावरापासून बनतं, म्हणून त्याचीही त्यांना शंका आहे.

रावेरकर_केळीवाला
ताई, दुखत नाही हीच भीतीची गोष्ट आहे. शुगरनं पायाची जाणीव जाते. मसला (धर्माचा प्रश्न) नंतर विचारा, पाय आजच दाखवा. आमच्या चुलत्यांचं बोट असंच गेलं.

हकीम_जळगाव
वालेकुम अस्सलाम. मी युनानीचा डॉक्टर, कलौंजी मी स्वतः देतो. तेव्हा बाबांना सांगा, हा माणूस जडीबुटीच्या विरोधातला नाही.

बाबा सांगतात ती हदीस, म्हणजे प्रेषितांचं वचन, खरी आहे, बुखारी या हदीससंग्रहात आहे. पण खत्ताबींसारख्या जुन्या आलिमांनी (धर्मपंडितांनी) तिचा अर्थ "प्रत्येक माणसाला, प्रत्येक आजारात हीच एक दवा" असा घेतलेला नाही. अबू दाऊद या दुसऱ्या हदीससंग्रहात प्रेषितांचे साथी हजरत साद यांच्या आजारपणाची हदीस आहे. प्रेषित (स.) त्यांना बघायला गेले, छातीवर हात ठेवला, अजवा खजूर सांगितले, आणि सोबत हेही सांगितलं की हारिस बिन कलदाकडे जा, तो वैद्यकी करतो. बाबांना हीच हदीस सांगा. खजूर सांगणाऱ्यांनीच वैद्याकडेही पाठवलं, मग कलौंजी खाणाऱ्यानं डॉक्टरकडे जायला हरकत कसली?

आता तो पुडीवाला. अबू दाऊदमध्येच आहे की ज्याला वैद्यकी येते हे कुणाला ठाऊक नाही आणि तरी जो इलाज करतो, नुकसानीचा जिम्मेदार तोच. बाजार उठला की हा माणूस कुठे शोधणार? अशा पुड्यांत शुगरची इंग्रजी गोळी कुटून मिसळलेली सापडते, कधी शिसंही. बाबांनी दारू टाळली ते बरोबरच केलं. दारूबद्दल सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात स्पष्ट आहे, ती दवा नाही, रोग आहे. पण मधात कालवल्यानं पूड काही निर्धोक होत नाही.

जिलेटिनवर आलिमांची मतं वेगवेगळी आहेत. इथे तो प्रश्नच येत नाही, मेटफॉर्मिन साधी गोळी असते. दुसरी कॅप्सूल लिहून दिली तर गोळी किंवा शाकाहारी कॅप्सूल मागा. काहीच पर्याय नसेल तर मजबुरीची सवलत कुरआनच्या सूरह बकरात, आयत 173 मध्ये आहे.

यावलची_सून
जजाकल्लाह. सादांची हदीस ऐकून बाबा गप्प बसले, मग म्हणाले, "चल, पाय दाखवू." आता विचारतात, जखमेवर घरचा मध लावू का? आणि कलौंजी पण सोडायची का? गोळी आजपासूनच सुरू करू?

हकीम_जळगाव
मधात शिफा आहे, सूरह नहलमध्येच आहे. पण उघड्या जखमेवर बरणीतला मध नको. दवाखान्यात वापरतात तो जंतू मारलेला असतो, लावायचा की नाही हे जखम बघणारा ठरवेल. स्वयंपाकातली चिमूटभर कलौंजी चालेल. दवा म्हणून रोज घेणार असतील तर डॉक्टरांना सांगा, कारण गोळीसोबत तिनंही शुगर उतरू शकते. गोळी मनानं सुरू करू नका. आधी शुगर आणि किडनीची तपासणी होऊ द्या, डोस त्यावर ठरेल. पूड आजपासून बंद, पण फेकू नका. पुडीसकट डॉक्टरांपुढे ठेवा. आणि बाबांना अनवाणी शेतात जाऊ देऊ नका.