घर लिलावात जाऊ देऊ नका, त्याआधी स्वतः विका

लातूरकर:
चुलतभावाचं घर बँकेनं लिलावात काढलं. गल्लीत 40 लाखांचा भाव, गेलं 31 ला. माझं म्हणणं एकच: सरफेसी कायद्याची (हप्ते थकले की बँकेला कोर्टात न जाता तारण घर विकू देणारा कायदा) 60 दिवसांची नोटीस हातात पडली की त्याच दिवशी गिऱ्हाईक शोधा. नोटिशीनंतर विकायला बँकेची लेखी संमती लागते, ती मागा. भावानं लाजेपोटी कुणाला सांगितलंच नाही. शेवटी पेपरात नावासकट जाहिरात आली आणि वहिनीनं घराबाहेर पडणं सोडलं.

निवृत्त बँकवाला:
दादा, ऐकून वाईट वाटलं. पण सगळा दोष लिलावावर टाकू नका. राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली घर विकत नाहीत ती रक्कम, बँक मनानं ठरवत नाही, मान्यताप्राप्त मूल्यांककाचा अहवाल लागतो. देणं आणि खर्च वजा जाऊन उरलेली रक्कम मालकालाच मिळते. खासगी गिऱ्हाईक 50 हजार इसार देऊन सहा महिने लटकवतं, इकडं व्याज चढतच राहतं. मी अशी कितीतरी खाती बुडताना पाहिली.

लातूरकर:
साहेब, मूल्यांकन बरोबर असेल, पण बोली लावतं कोण? 25 टक्के त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या कामाच्या दिवशी, बाकीचे सहसा 15 दिवसांत. कर्ज काढून घर घेणारा शिक्षक, कंडक्टर इतक्या लवकर पैसे कुठून उभे करणार? मग उरतात हातात पैसा खेळता असलेले चार जण. त्यात घर ‘जसं आहे, जिथं आहे’. आत लेकरंबाळं राहत असली की ताबा मिळवायची कटकट गिऱ्हाईक बोलीतूनच कापतं. पहिल्या खेपेला कुणी फिरकलं नाही तर राखीव किंमत आणखी खाली.

जालन्याची लेक:
आमचं उलटं झालं. आजोबांचा वाडा, वाटेकरी चौघं. एकानं आणलेलं गिऱ्हाईक दुसऱ्याला नको, अशी तीन वर्षं गेली. 1893 च्या वाटणी कायद्यानं कोर्टानं विक्री लावली तेव्हा सुटलो. भाव कमी आला, पण काका एकमेकांच्या दारात जायला लागले.

लातूरकर:
ताई, तुमच्यावर कर्ज नव्हतं. थांबायला वेळ होता.

निवृत्त बँकवाला:
तेवढं मान्य. एक गोष्ट मात्र सगळ्यांनी ध्यानात ठेवा. 2016 च्या दुरुस्तीनंतर सगळं देणं भरून घर सोडवायचा हक्क लिलावाची जाहिरात छापून येईपर्यंतच आहे.

लातूरकर:
हेच भावाला माहीत नव्हतं. जाहिरात वाचून त्याचे सासरे उसाचं बिल आणि मोडलेली ठेव घेऊन आठव्या दिवशी बँकेत गेले. देणं पुरतं फिटत होतं. बँकेनं पैसे घेतले नाहीत.