शब्दचर्चा : ‘अंडरस्टडी’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : शुभारंभाच्या प्रयोगाला मुख्य नट ऐनवेळी येऊ शकला नाही आणि त्याची भूमिका आधीपासून पाठ करून ठेवलेला दुसरा नट त्याच्या जागी उभा राहिला, तर त्याला इंग्रजीत ‘अंडरस्टडी’ म्हणतात. एका लेखात मी त्यासाठी ‘बदली कलाकार’ असे लिहिले होते. संपादकांनी ते खोडून ‘रिप्लेसमेंट’ केले. यांपैकी योग्य शब्द कोणता?

उत्तर : दोन्ही शब्द आपल्या नाट्यव्यवसायात रुळलेले आहेत, पण संपादकांची दुरुस्ती मला पटत नाही. चालू नाटकातील भूमिका एका नटाने सोडली आणि दुसऱ्याने ती पुढच्या प्रयोगांसाठी स्वीकारली, की आपल्याकडे ‘रिप्लेसमेंट’ म्हणतात. ‘त्या नाटकात मी रिप्लेसमेंट केली’ असे नट सांगतो, तेव्हा त्याला थोड्या का होईना, तालमी मिळालेल्या असतात आणि जाहिरातीत त्याचे नावही आलेले असते. शुभारंभाच्या रात्री भूमिका अजून कोणी रंगमंचावर केलेलीच नसते, त्यामुळे तिथे हा शब्द बसत नाही.

‘बदली’ अधिक जवळचा आहे, परंतु त्याचाही इतिहास पाहायला हवा. मूळ अरबी ‘बदल’वरून आलेला हा शब्द मुंबईत घट्ट रुजला तो गिरणगावामुळे. बदली कामगार सकाळी गिरणीच्या दारात हजर राहायचा, कायम कामगारांपैकी कोणी आला नाही तरच त्याला आत घेतले जायचे, आणि त्या दिवशी जे काम रिकामे असेल ते त्याला करावे लागायचे. काम मिळाले नाही, तर तो तसाच घरी परतायचा. वाट पाहणे आणि दुसऱ्याच्या गैरहजेरीवर अवलंबून असणे, या दोन गोष्टी अंडरस्टडीलाही लागू पडतात. फरक आहे तो तयारीचा. अंडरस्टडी कोणत्याही रिकाम्या जागेसाठी नसतो. एका ठरलेल्या भूमिकेचा प्रत्येक शब्द, प्रत्येक हालचाल त्याने मूळ नटाच्या तालमी पाहून आत्मसात केलेली असते, आणि तो बहुधा त्याच नाटकात एखादी लहान भूमिकाही करत असतो. १९५४ साली न्यूयॉर्कमध्ये ‘द पजामा गेम’ सुरू झाल्यावर कॅरल हेनी जायबंदी झाल्या, तेव्हा समूहनृत्यात असलेल्या शर्ली मॅक्लेन त्यांच्या जागी उभ्या राहिल्या, त्या अशा तयारीच्या बळावर.

आपल्या जुन्या संगीत नाटक मंडळ्यांत मात्र या तयारीशी नाते सांगणारा एक सुंदर शब्द होता : ‘नक्कल’. नटाच्या वाट्याची भाषणे उतरवून दिलेली प्रत म्हणजे नक्कल. ‘त्याची नक्कल चोख आहे’ याचा अर्थ त्याचे पाठांतर चोख आहे, असा व्हायचा. आज ‘नक्कल’ म्हटले की कोणाचा तरी आवाज काढणे एवढेच मनात येते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

हा नट आपल्याकडे स्वतंत्र नावाने का ओळखला गेला नाही, याचे कारण बहुधा प्रेक्षकांत आहे. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता, आणि त्याच दिवशी बालगंधर्वांची मुलगी वारली, तरीही ते भामिनी म्हणून उभे राहिले. ही घटना आपण निष्ठेचे उदाहरण म्हणून सांगतो आणि ते योग्यच आहे. पण लोक भामिनीला नव्हे, तर बालगंधर्वांना पाहायला येत होते, हेही तिच्यात दिसते. नटाच्या नावावर तिकीट खपत असेल, तर तो नसताना प्रयोग रद्द करण्याकडेच कल राहतो.

काही वर्षांपूर्वी दादरला एका शुभारंभाच्या प्रयोगाला मी होतो. तिसऱ्या घंटेआधी घोषणा झाली की प्रकृतीच्या कारणाने अमुक यांच्याऐवजी तमुक ही भूमिका करतील, आणि सभागृहातून एक स्पष्ट ‘अरेरे’ उमटला. मी दुसऱ्या रांगेत असल्याने त्या तरुणाच्या कोटाच्या बाह्या आतून दुमडून टाके घातल्याचे मला दिसत होते. कोट दुसऱ्याच्या मापाचा होता. पहिल्या प्रवेशात नायिका प्रत्येक वाक्यानंतर त्याच्यासाठी क्षणभर थांबत होती. दुसऱ्या अंकात तिने थांबणे सोडून दिले.

पुढचा प्रश्न : मग ‘राखीव नट’ चालेल का? क्रिकेटमुळे ‘राखीव खेळाडू’ सर्वांच्या परिचयाचा आहे.

उत्तर : चालेल, आणि माझी पसंती त्यालाच आहे. ‘पर्यायी नट’ मला रुचत नाही, कारण पर्याय म्हटले की निवड आली, आणि त्या संध्याकाळी निवडीला वाव नसतो. ‘डमी’ तर या कामाचा अपमान करतो. ‘राखीव’मध्ये आधीपासून योजून ठेवल्याचा अर्थ येतो, मात्र तो प्रत्यक्ष रंगमंचावर आला की राखीव राहत नाही, म्हणून त्या रात्रीपुरते ‘बदली’ म्हणावे. परदेशी संगीत नाटकांत केवळ नेपथ्यामागे थांबणाऱ्या नटाला ‘स्टँडबाय’ आणि समूहातील अनेक जागा भरून काढू शकणाऱ्याला ‘स्विंग’ म्हणतात. आपल्याकडे तशी व्यवस्था सहसा नसल्याने ते शब्द आहेत तसेच लिहावेत.

क्रियापदाची काळजी मात्र जरूर घ्यावी. ‘वेळ मारून नेली’ असे लिहिले की कसेबसे भागवले असा अर्थ होतो; ‘भूमिका निभावली’ किंवा नुसते ‘उभा राहिला’ हे रास्त. तेव्हा आपले वाक्य असे करता येईल : ‘मुख्य नट आजारी पडल्याने शुभारंभाच्या प्रयोगाला राखीव नट बदली म्हणून उभा राहिला, त्याची नक्कल चोख होती.’