फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय २०१५ (जुनी), घ्यावी का? (नागपूर)

मनीषनगरवाला:
एमएच ३१ पासिंग, सेकंड ओनर, रीडिंग ७८ हजार दाखवून राहिली, डीलर पावणेपाच लाख मागतो. चालवून पाहिली, १०५ पीएस पॉवर आहे म्हणतात पण पिकअप असा की दुसरं काही पाहावंसंच वाटत नाही 😅 रोजचं हिंगणा एमआयडीसी अप-डाऊन, कधीतरी समृद्धीने संभाजीनगर. घरचे म्हणतात नवी स्विफ्ट घे. काय करू?

गिअरवेडा:
इंजिनात दम आहे भाऊ, प्रश्न गिअरबॉक्सचा. ७ स्पीड डीएसजी (फोक्सवॅगनचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) म्हणजे ड्राय क्लच, तो तेलात बुडालेला नसतो, त्यामुळे ट्रॅफिकमधे ब्रेक अर्धा सोडून रांगत रांगत गाडी नेली की क्लच घासत राहतो अन् तापतो, अन् आपल्याकडे मे महिन्यात ४५ डिग्री. सकाळी सकाळी गार गाडीची टेस्ट ड्राइव्ह देतील, ती काही कामाची नाही. दुपारी २ वाजता एसी फुल लावून बर्डीच्या गर्दीत अर्धा तास फिरव, मग पहिल्या-दुसऱ्या गिअरला थरथरते का, चढावर रिव्हर्स टाकला की झटका देते का ते पाहा. डिस्प्लेवर गिअरचं अक्षर ब्लिंक झालं तर तिथूनच चावी परत दे. क्लच पॅक अन् मेकॅट्रॉनिक (गिअर बदलणारं कंट्रोल युनिट) दोन्ही गेले तर लाखाचा खड्डा पक्का. गाडी न्यायच्या आधी स्कॅनरही लावून घे, अन् कोणी कालच एरर कोड क्लिअर केले नाही ना, तेही पाहायला सांग.

ऑरेंजसिटी_४९:
कोणी बोललं नाही म्हणून सांगतो, २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला तेव्हा किती गाड्या पाण्यात होत्या आठवते ना? त्यातल्या काही पॉलिश होऊन बाजारात आल्या असतील. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढ, टोकाला मातीची रेघ दिसते, डीलर सगळं धुतो पण तिथे हात जात नाही. स्टेपनीखालचा खड्डा अन् सीटच्या रेल्सचा गंजही पाहा. त्यानंतरच्या इन्शुरन्स रिन्युअलमधे एनसीबी (नो क्लेम बोनस) शून्यावर आला असेल तर क्लेम कशाचा होता ते विचार.

काटोलरोड:
डीएसजीचं टेन्शन नको असेल तर २०२० नंतरची पोलो १.० टीएसआय पाहा, ११० पीएस, अन् ऑटोमॅटिक ६ स्पीड टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे ड्राय क्लचची भानगडच नाही. नाहीतर जुनी बलेनो आरएस, मॅन्युअलच यायची, १.० बूस्टरजेट, चारही डिस्क ब्रेक, अन् ते इंजिन आता फ्रॉन्क्समधे आहे. पोलोसारखी रस्त्याला चिकटत नाही, हे मात्र खरं.
बाकी थकलेलं चलान, हायपोथिकेशन (गाडीवरचा कर्जाचा बोजा), एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) पाहून घे. २०१५ ची आहे म्हणजे २०३० ला पासिंगचे १५ वर्षं संपतात, ते धरूनच भाव कर.

मनीषनगरवाला:
सर्व्हिस रेकॉर्ड मागितलं तर डीलर म्हणते, "साहेब गाडी पाहा ना, कागदं काय पाहता" 🙄

गिअरवेडा:
मग चारच्या वर एक रुपया नको. क्लचचं बिल नसेल तर ते बिल तुझ्याच नावानं फाटणार असं धरून चाल.

मनीषनगरवाला:
शनिवारी दुपारी बर्डीत नेतो. स्कॅनर कोणाकडे असेल तर सांगा, चहा-तर्री पोहे माझ्याकडून.